विळ्याला गोधडीची मूठ



सुगीचे दिवस जवळ आले की माळ्यावरचे विळे खाली येतात. पात्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. धार गेली असेल तर पाजवून घेतात, दाते झिजले असतील तर लोहाराकडून पुन्हा पाडून आणतात. मुठीकडे मात्र कोणी बघत नाही. ती हलते आहे हे ठाऊक असते, पण "एवढा हंगाम निघेल" म्हणून तोच विळा रानात उतरतो. मग कापणीच्या भरात मूठ जागच्या जागी फिरते आणि पाते नको तिकडे वळते. डाव्या हाताने धाटे धरलेली असतात, त्यामुळे घाव बसतो तो बहुधा डाव्या हाताच्या बोटांवर, नाही तर नडगीवर. आपल्याकडे कापणीचा विळा जास्त करून बायांच्याच हाती असतो, तेव्हा घाव सोसतात त्याही त्याच. पंधरा दिवस हात बांधून बसावे लागले तर मजुरी गेली, आणि घरचेच पीक असेल तर ते उभ्या उभ्या झडले. विळ्याची जखम लहान दिसली तरी धनुर्वाताची सुई घेतल्याशिवाय राहू नये. लोक गंजाला दोष देतात, पण धनुर्वाताचे जंतू असतात ते मातीत आणि शेणात, म्हणजे नव्या चकचकीत पात्यानेही तो धोका टळत नाही.

मूठ ढिली का होते हे आधी समजून घेऊ, कारण त्यावरच पुढचा इलाज अवलंबून आहे. लोहार पात्याची शेपटी लालबुंद तापवतो आणि लाकडात ठोकतो. लाकूड जळून शेपटीच्या आकाराचे भोक पडते आणि त्या वेळी मूठ अगदी घट्ट बसलेली वाटते. पण भोकाच्या आतल्या अंगाला कोळशाचा पातळ थर राहिलेला असतो. रोजच्या हिसक्यांनी तो चुरतो, त्याची भुकटी होते, आणि तेवढी जागा मोकळी पडते. दुसरे कारण पाणी. लाकूड ओल पिऊन फुगते आणि सुकले की आकसते. हे फुगणे-आकसणे आडव्या अंगाने होते, लांबीच्या अंगाने जवळजवळ नाहीच. मुठीच्या तोंडाशी शेंबी आवळलेली असल्यामुळे फुगणाऱ्या लाकडाला बाहेर जायला वाट नसते. मग आतले तंतू चेचले जातात, आणि पुढे वैशाखात लाकूड सुकते तेव्हा पहिल्यापेक्षा बारीक होऊन बसते. शेंबी निसटते, मूठ चिरते.

आपल्याकडे ढिला विळा रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. सकाळी मूठ घट्ट लागते हे खरे. पण ते उसने बळ आहे. दर खेपेला आतले तंतू आणखी चेचले जातात, आणि दोन दिवसांनी मूठ आधीपेक्षा जास्त हलू लागते. शेपटी आतून गंजते ते वेगळेच. ही सवय सोडावी.

मूठ चिरलेली नसेल आणि लाकूड सजीव असेल, तर नवी करण्याचे काहीच कारण नाही. पाते उपसून काढावे, भोकातला कोळसा आणि गंज खिळ्याने खरवडून, फुंकून साफ करावा. लाखेचे तुकडे आणि विटेची वस्त्रगाळ पूड भोकात भरावी. शेपटी लाख वितळेल इतकीच तापवावी, लाल करू नये, आणि सरळ दाबून बसवावी. हे करताना पात्याला ओले फडके गुंडाळायला विसरू नका, नाही तर उष्णता पात्यात चढून त्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. जुने लोहार, सुतार हेच करत आले. लाखेऐवजी दोन भाग कालवून लावायचा एम-सीलसारखा लांबी मसाला वापरला तरी चालतो. तिथे शेपटी तापवायचीही गरज नाही, फक्त भोक कोरडे हवे.

आता मूठ चिरली आहे, वाळवीने किंवा भुंग्याने पोखरली आहे, किंवा अवजारच असे आहे की सारखे पाण्यात असते (भाताचा विळा, मासे कापायची सुरी, भाजीवाल्या घरातला चाकू), तर तिथे लाकडाला एक चांगला पर्याय आहे. तोच आजचा विषय. घरातल्या जुन्या सुती कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून, दाबून, वाळवून त्याची मूठ करायची.

ऐकायला नवल वाटेल, पण गोधडी ज्यांच्या घरात आहे त्यांना हे लगेच समजेल. जुन्या लुगड्याचा एक पदर दोन बोटांनी फाटतो. तेच दहा पदर एकावर एक घालून जवळ जवळ टाके मारले की गोधडी वीस वर्षे पाय ताणून ओढली तरी फाटत नाही. इथे टाक्यांचे काम रेझिन करते. ते पातळ मधासारखे असते, धाग्याधाग्यांत मुरते आणि मग दगडासारखे घट्ट होते. नुसते रेझिन आपटले तर काचेसारखे तडकते आणि नुसते कापड लवते. दोन्ही एकत्र आले की उभे-आडवे धागे ताण सोसतात आणि रेझिन त्यांना जागचे हलू देत नाही. कुडाच्या भिंतीत कारवी आणि माती एकमेकींना जशा धरून असतात, तसाच हा प्रकार.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. बेल्जियममध्ये जन्मलेले लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९०७ साली बेकेलाइट तयार केले. पुढे १९१० च्या सुमारास तिथल्या वेस्टिंगहाउस कंपनीत त्या जातीच्या रेझिनमध्ये कागद आणि कापडाचे थर भिजवून, तापवून, जबर दाबाखाली त्यांचे तक्ते काढू लागले. त्याला मायकार्टा हे नाव पडले. वीज त्यातून जात नाही, म्हणून विजेच्या सामानात ते वापरले गेले. कापडाच्या थरांचे तर दातेरी चाकही केले, कारण ते लोखंडाइतका आवाज करत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या जुन्या स्टार्टरमध्ये तपकिरी रंगाची टणक पाटी पाहिली असेल, ती याच कुळातली. सुऱ्यांच्या मुठींना हा माल फार मानवला. मात्र कारखान्यातले ते रेझिन आणि आपण घरी वापरायचे ते वेगळे. बेकेलाइटच्या जातीचे रेझिन घरी करण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. त्याला उष्णता आणि दाब लागतो आणि त्यातली वाफ डोळ्यांना, श्वासाला घातक असते. आपल्याला हवे ते इपॉक्सी रेझिन. ते साध्या हवेत, बिनतापवता घट्ट होते.

कापडापासून सुरुवात करू. शंभर टक्के सुती हवे. मांजरपाट उत्तम, जुने धोतर, सुती लुगडे, खादीचा सदरा, जीनची जुनी विजार हेही चालते. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर नको, कारण त्यांच्या धाग्यात रेझिन मुरत नाही आणि पुढे थर सुटतात. ओळखायचे कसे? एक धागा उपसून काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मागे मऊ राख उरते. बनावटी धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. खताच्या पिशव्या विणलेल्या दिसतात म्हणून कोणी त्या घेईल, तर त्या प्लास्टिकच्या असतात, अगदी निरुपयोगी. गोणपाट चालते, पण त्याचे धागे जाड असल्यामुळे हवेचे बुडबुडे आत अडकतात. पहिल्याच खेपेला ते घेऊ नये.

कापड धुऊन त्यातली खळ आणि साबण पूर्ण काढावा आणि कडक उन्हात वाळवावा. कामाच्या आधी इस्त्री फिरवली तर आणखी बरे. कापडातली ओल ही या कामाची पहिली शत्रू. म्हणूनच हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत इपॉक्सीच्या अंगावर मेणासारखा चिकट पापुद्रा धरतो. दिवाळीनंतरपासून चैत्रापर्यंतचे दिवस सोयीचे. फक्त पौषातल्या कडाक्याच्या थंडीत घट्ट व्हायला फार वेळ लागतो, तेव्हा ऊन खाणाऱ्या खोलीत काम ठेवावे.

रंगाविषयी माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. मुठीसाठी लाल, पिवळे, भगवे असे झगझगीत कापड निवडावे. रेझिनमध्ये भिजले की रंग गडद होतो, ओल्या कापडासारखा, पण उठून दिसतो. मातकट मुठीचा विळा बांधावर ठेवला की गवतात हरवतो. पेंढीबरोबर बांधला जातो, आणि मग तो कडबाकुट्टीच्या तोंडात जातो. ज्याने कुट्टीच्या पात्यात लोखंड गेलेले पाहिले आहे त्याला हे अधिक सांगायला नको.

आता रेझिन. शहरात फायबर-ग्लासचे सामान विकणाऱ्या दुकानात दोन प्रकार मिळतात आणि दुकानदार बहुधा स्वस्तातले पॉलिस्टर रेझिन पुढे करतो. ते आणू नये. त्याला उग्र वास असतो, घट्ट होताना ते आकसते आणि लोखंडाला नीट धरत नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे त्याच्याबरोबर दोन लहान बाटल्या येतात, एक जांभळट कोबाल्टची आणि दुसरी बिनरंगी कॅटलिस्टची. या दोन बाटल्यांतले द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते. लहान मुले असलेल्या घरात असली चीज कशाला आणावी?

इपॉक्सी दोन भागांत येते, रेझिन आणि हार्डनर. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते आणि ते प्रत्येक कंपनीचे, प्रत्येक जातीचे निराळे असते. कापड भिजवण्यासाठी जे पातळ इपॉक्सी मिळते त्यात बऱ्याचदा १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर असे वजनी प्रमाण असते. सांधे चिकटवायच्या जाड इपॉक्सीत ते जवळजवळ सारखे-सारखे असते. ते जाड इपॉक्सी कापडात मुरत नाही, म्हणून थरांसाठी पातळच मागावे. "जरा हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल" हा समज साफ खोटा आहे. युरिया दुप्पट टाकल्याने पीक दुप्पट येत नाही, तसेच हे. जास्त झालेला हार्डनर तसाच आत राहतो आणि मूठ कायमची रबरासारखी मऊ राहते. अंदाजाने ओतू नये, ग्रॅम-ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरावा. गावातल्या सोनाराकडे तो असतोच.

हार्डनर कातडीला खातो. एकदा त्याची खाज सुरू झाली की काहींना ती कायमची जडते, पुढे नुसत्या वासानेही हात उठतात. म्हणून रबरी हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडूच नये. चुकून हाताला लागले तर साबण-पाण्याने धुवावे. थिनरने पुसू नये, त्याने ते कातडीत आणखी खोल जाते. काम ओसरीवर किंवा पडवीत करावे, चुलीपासून लांब. कालवायला चहाचे कागदी पेले घ्यावेत आणि काम झाल्यावर टाकून द्यावेत. स्वयंपाकघरातले भांडे, चमचा, औषधाचे माप यांतले काहीही घेऊ नये. डबे कुलपात, औषध-फवाऱ्याच्या सामानाशेजारी.

पहिली मूठ सपाट शेपटीच्या सुरीची करावी, ती सोपी. अशा सुरीला दोन बाजूंनी दोन फाळके लावायचे असतात. १५ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद असे मांजरपाटाचे ३० तुकडे कापावेत. दाबल्यावर त्यांची सुमारे ८ मिलिमीटर जाडी भरते. जीनचे कापड असेल तर १२ ते १४ तुकडे पुरतात. कापड वजन करून घ्यावे. साधारण ५५ ते ६० ग्रॅम भरेल. त्याच्या दुप्पट रेझिन लागते हा आडाखा लक्षात ठेवावा, म्हणजे सगळे मिळून १२० ग्रॅम. १०० ला १० चे प्रमाण असेल तर ११० ग्रॅम रेझिन आणि ११ ग्रॅम हार्डनर. पण हे सगळे एकदम एका पेल्यात कालवू नये. कालवले की इपॉक्सी आपल्या आपणच तापू लागते आणि खोल पेल्यात तापले की आणखी जोराने तापते. धूर येतो, पेला हातात धरवत नाही, आणि माल पाच मिनिटांत गोठून वाया जातो. निम्मे-निम्मे दोन खेपांत कालवावे, प्रत्येक खेप दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावी, पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत, आणि लगेच पसरट ताटलीत ओतावी. ताटली जुनी, टाकाऊ.

दोन गुळगुळीत फळ्या तयार ठेवाव्यात. त्यांना पॉलिथिनचा साधा, सुरकुती नसलेला कागद गुंडाळावा. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही. ताटलीत एकेक तुकडा दोन्ही अंगांनी भिजवावा, पालथ्या चमच्याने वरून निपटावा आणि फळीवर आधीच्या तुकड्यावर मांडावा. कापड पूर्ण भिजले की त्याचा पांढुरका रंग जाऊन ते गडद आणि थोडे पारदर्शक दिसते. पांढरा डाग राहिला म्हणजे तिथे हवा आहे. दर चार-पाच थरांनंतर मधून कडेकडे बोटाने दाबत हवा बाहेर काढावी, पुरणपोळीतली हवा काढतो तशी. घाई करू नये, पण रेंगाळूही नये. उन्हाळ्यात हाती वीस-पंचवीस मिनिटेच असतात.

सगळे थर झाले की वर दुसरी फळी ठेवून दाब द्यायचा. सुताराचे शिकंजे असतील तर उत्तम. नसतील तर फळ्यांच्या चार कोपऱ्यांना भोके पाडून लांब बोल्ट-नट घालावेत आणि एकेक नट थोडा थोडा फिरवत आवळावा. जात्याची तळी ठेवूनही दाब येतो, पण थर एका बाजूला सरकतात, म्हणून मला ते पसंत नाही. फार आवळणेही बरे नाही, सगळे रेझिन पिळून बाहेर येते आणि आतले थर कोरडे पडतात. यासाठी फळ्यांच्या मध्ये, कापडाच्या दोन बाजूंना ८ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात. फळी पट्ट्यांना टेकली की थांबावे. चोवीस तास हात लावू नये. चोवीस तासांनी उघडता येते, कापता येते. पूर्ण ताकद यायला मात्र आठ दिवस लागतात, तोवर सुरी वापरात आणू नये.

तक्ता निघाला की हॅक्सॉ ब्लेडने मधोमध कापून १५ बाय ५ चे दोन तुकडे करावेत. तेच सुरीचे दोन फाळके. सुरीच्या शेपटीत भोके नसतील तर लोहाराकडून पाडून घ्यावीत. गाडीच्या पाट्यापासून केलेल्या पात्याची शेपटी कडक असते, तिला आधी तापवून मऊ करावी लागते, आणि तेव्हाही पात्याला ओले फडके हवेच. फाळक्याची आतली बाजू आणि शेपटी कानशीने खरखरीत करावी. गुळगुळीत अंगाला चिकट धरत नाही. तेलाचा हात लागलेला नको. मग सांध्याचे इपॉक्सी लावून, ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीच्या पितळी सळईचे दोन रिव्हिट घालून फाळके बसवावेत. रिव्हिट हलक्या हाताने ठोकावेत. जोरात ठोकले तर फाळका चिरतो आणि इतकी मेहनत पाण्यात.

घासण्याचे काम शेवटी येते आणि सगळ्यात दुर्लक्ष इथेच होते. कानशीने आकार द्यावा, मग वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासावे. कोरडे घासू नये. त्याची बारीक धूळ छातीत जाते. तरीही नाकावर दुहेरी फडके बांधावे आणि घासणाऱ्याच्या आसपास मुले, शेरडे, वैरण काही असू नये. २२० नंबरच्या पेपरावर थांबावे. आरशासारखी चकाकी आणण्याचा मोह होतो, पण चकाकणारी मूठ ओल्या हातातून निसटते. २२० वर थांबले की कापडाचे विणकाम बोटांना किंचित लागते आणि ओल्या हाताने उलट जास्त पकड येते. हाच या मुठीचा लाकडावरचा मोठा फायदा आहे.

विळ्याची मूठ याच पद्धतीने होते, पण तिची शेपटी निमुळती असते आणि मूठ गोलसर, ३० ते ३५ मिलिमीटर जाडीची लागते. म्हणजे प्रत्येक फाळका १५ मिलिमीटरचा, पंचावन्न-साठ थरांचा, आणि रेझिनही दुप्पट. दोन्ही फाळक्यांच्या आतून शेपटीच्या निम्म्या-निम्म्या जाडीची खाच कानशीने करावी लागते, शेपटीला आडव्या खाचा पाडाव्या लागतात म्हणजे इपॉक्सी तिथे अडकून बसते, आणि तोंडाशी शेंबी हवी ती हवीच. माझे मत विचाराल तर एका विळ्यासाठी एवढा खटाटोप आणि खर्च परवडत नाही. बाभळीची मूठ कितीतरी स्वस्तात होते आणि कोरड्या कामाला ती चांगलीच आहे. तिला वर्षातून दोनदा जवसाचे कच्चे तेल चोळले की वर्षानुवर्षे टिकते.

विळ्यासाठी मी सुचवतो तो मधला मार्ग. जुनी लाकडी मूठ चिरली आहे पण मोडली नाही, अशी घ्यावी. आधी वर सांगितल्याप्रमाणे शेपटी पक्की बसवून घ्यावी. मूठ आठ दिवस उन्हात सुकवावी, तेल-घाम लागलेला वरचा थर कानशीने काढून कोरे लाकूड उघडे करावे आणि हाताला जाड होऊ नये म्हणून दोन-अडीच मिलिमीटर बारीकच करावी. चिरेत रेझिन भरावे. मग मुठीच्या लांबीइतक्या रुंदीची सुती पट्टी रेझिनमध्ये भिजवून मुठीभोवती चार वेढे घट्ट द्यावेत. त्यावर पॉलिथिन, आणि पॉलिथिनवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी. रबर चहूकडून सारखा दाब देते, शिकंज्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ट्यूब आणि पॉलिथिन काढून घासून घ्यावे. २५ ते ३० ग्रॅम रेझिनमध्ये एक विळा होतो. लाकूड आतून हलके राहते आणि बाहेरून पाणी लागत नाही. निखळ कापडाची मूठ पाण्यात टाकली तर बुडते, वाळलेली बाभळीची तरंगते, यावरून वजनातला फरक कळेल. दिवसभर विळा चालवणाऱ्या मनगटाला तो जाणवतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा हलका म्हणूनच बायांना आवडतो. त्याला जड मूठ लावून तो गुण घालवू नये.

माप घेताना ज्याच्या हातात अवजार जायचे त्याचाच हात घ्यावा. मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या टोकाला जेमतेम टेकावे किंवा त्यावर थोडे चढावे. टेकतच नसेल तर मूठ जाड आहे, आणि ती आवळून धरण्यातच निम्मी शक्ती जाते. लांबी चारही बोटे मावून थोडी उरेल इतकी, म्हणजे ११ ते १३ सेंटीमीटर. बाजारातल्या मुठी पुरुषाच्या पंजाच्या मापाने येतात आणि चालवतात बाया. तळहाताला फोड येतात त्याचे एक कारण हेच आहे. घरी मूठ करण्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा लाभ हा, की ती त्या हाताच्या मापाची करता येते.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. बिनतापवता घट्ट होणारे साधे इपॉक्सी ५०-६० अंश उष्णतेच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणून अशी सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये, चुलीच्या कडेला टेकवून ठेवू नये. वैशाखात गडद रंगाची मूठ दिवसभर उन्हात पडली तरी तेवढी तापू शकते, म्हणून सावलीत ठेवावी. उन्हाने रंगही पिवळट होतो आणि वरचा थर भुकटतो. भुकटला तर वॉटरपेपरचा एक हात फिरवावा. कापताना उरलेले तुकडे चुलीत घालू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. पेल्यात उरलेले रेझिन घट्ट होऊ द्यावे आणि मग केराबरोबर टाकावे. पातळ असताना नालीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये.

खर्चाचे म्हणाल तर रेझिनचा सगळ्यात लहान डबासुद्धा एका घराला जास्त होतो आणि उघडलेला हार्डनर फार दिवस टिकत नाही. त्यामुळे आळीतल्या आठ-दहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून एकदा आणावा, एकाच दिवशी सगळ्यांच्या विळ्यांना वेढे द्यावेत. गटात एखादा आय.टी.आय. झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर काटा आणि कालवणे त्यांच्याकडे द्यावे. या मुठी विकून धंदा होईल का असेही काही जण विचारतात. गावच्या बाजारात तरी मला ते अवघड वाटते, कारण गिऱ्हाईक बाभळीच्या मुठीचाच भाव देणार. स्वतःच्या घरच्या अवजारांसाठी करावे.

एका वाचक भगिनीने विचारले आहे की विळीच्या लाकडी पाटाला, जिथे पाते बसते तिथे फट पडून भाजीचे पाणी मुरते, तर तिथे हे रेझिन भरले तर चालेल का. चालेल. फट आधी पूर्ण सुकवून, खरवडून, तिथे रेझिनमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा भरावा आणि आठ दिवस विळी वापरू नये. पूर्ण घट्ट झाल्यावर साबणाने दोनदा धुऊन मग घ्यावी. पात्याच्या ज्या भागाला भाजी लागते त्याला मात्र रेझिन लागू देऊ नये.